हात न लावणारी मुलं

"अरे बेन, बुक्स तो एकदम नई जैसी हैं. बहु सरस!"

पराग सर, आमच्या संस्थेचे मॅनेजर, एकेक पुस्तक उलटून बघत होते. पांडेसरा या कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या एका गल्लीतून परत आलेली पुस्तकं टेबलावर पडली होती. ना डाग, ना दुमडलेला कोपरा. माझं डोकं दुखायला लागलं होतं.

"सर, हे काही चांगलं लक्षण नाही," मी म्हणाले.

"क्यों? मेन्टेनन्स चांगला आहे. पुढच्या व्हिजिटला डोनरसमोर हीच मांडा."

माझं काम आधी सांगते, म्हणजे डोकं का दुखलं ते कळेल. मी फील्ड कोऑर्डिनेटर आहे. तान्ह्या बाळांपासून तीन वर्षांच्या मुलांपर्यंत घरोघरी पुस्तकं पोचवायची आणि ती कशी वापरायची ते आयांना दाखवायचं. लोक हसतात. ज्याला दात नाहीत ते वाचणार काय? पण आम्ही अक्षरं शिकवतच नाही. बाळाला मांडीवर घ्यायचं, चित्र दाखवायचं, बोलायचं. बाळ चित्राला बोट लावतं, आई नाव सांगते. बाळ पुन्हा बोट लावतं, आई पुन्हा सांगते. आई कंटाळते, बाळ कंटाळत नाही. तोंडातून शब्द यायच्या आधी बोट पुढे येतं, एवढंच आमचं शास्त्र. पुस्तकं जाड पुठ्ठ्याची असतात, त्यांना बोर्ड बुक म्हणतात. जाड अशासाठी, की पहिलं वर्षभर ती वाचली कमी आणि चावली जास्त जातात. बाकीच्या गल्ल्यांतून पुस्तकं येतात ती चघळलेली, वरणाने माखलेली. ती बघून मला बरं वाटतं.

या गल्लीत आयांनी पुस्तकं ट्रंकेत टाकली असणार, असं मी धरून चालले. हे नेहमीचंच. ऊन डोक्यावर घेऊन जायचं, तेच भाषण द्यायचं, कोणीतरी चहा करायचा, मी नको म्हणत प्यायचा. आताशा भाषण सुरू असताना माझं मलाच ऐकू येत नाही.

पहिलं घर सुनंदाचं. माहेर-सासर दोन्ही शिरपूरकडचं, नवरा डाइंग मिलमध्ये. स्वतः घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवते. अख्खी गल्लीच ते करते. मालवाला सकाळी साड्यांचे गठ्ठे टाकतो, बायका गमने एकेक खडा लावतात, तो तयार माल उचलतो. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत साडी पसरलेली होती. कडेला गोधडीवर तिची परी. वय दीड वर्षाच्या पुढे.

परत घेतलेल्याच्या बदल्यात दिलेलं नवं पुस्तक ट्रंकेत नव्हतं. परीच्या समोरच होतं, उघडं.

"रोज देस मी तिले," सुनंदा म्हणाली. "तुम्ही सांगं तसं."

मी खाली बसले आणि पान परीच्या पुढ्यात सरकवलं. पोरीचे डोळे चमकले. मान पुढे आली. आणि दोन्ही हात मांड्यांखाली गेले. खरंच सांगते, तिने आपले हात स्वतःच्या अंगाखाली दाबून धरले आणि आईकडे बघितलं.

"पाहा ताई, कितली शहाणी शे," सुनंदा कौतुकाने म्हणाली. "कशालेच हात लावत नही."

शेजारच्या खोलीत तेच. पलीकडेही तेच. साडीला चिकट हात लागला की माल परत येतो. दोनदा माल परत आला की मालवाला पुढच्या दारात गठ्ठा टाकतो. त्यामुळे मूल रांगायला लागलं की पहिला धडा एकच: "हात नको लावू, डाग पडी जाई." ज्या घरातली पोरं हात लावत नाहीत, त्या घराला काम जास्त. गल्लीत बायका एकमेकींना तेच अभिमानाने सांगत होत्या.

निघताना सुनंदा दारापर्यंत आली. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, मनी पोर काहीच बोलत नही. दवाखान्यात दाखाडं. कान बरा शेतस म्हणे. सासू फोनवर रोज इचारस, मुकी तर नही ना?"

तेव्हा मात्र माझा थकवा कुठल्या कुठे गेला आणि भीती वाटली. पोर बोट कुठे लावणार? आणि बोट लावलं नाही तर हिला नाव कोण सांगणार? सुनंदाची मान तर दिवसभर खड्यांवर.

"पुस्तकाला हात लावू दे तिला," मी म्हणाले.

"आणि साडीले नही? तिले कसं समजी, ताई? आज याले लाव, त्याले नको?"

ऑफिसात येऊन पराग सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बेन, रिपोर्टमध्ये लिहा, बच्चे डिसिप्लिन्ड हैं."

सुनंदाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते पुढच्या फेरीत, आणि तेही पाणी वेळेवर आलं म्हणून. पाण्याच्या वेळी बायका साड्या गुंडाळून ठेवतात आणि गल्लीतल्या नळावर येतात. पोरं बरोबर. तिथे परी ओट्यावर बसून बादलीत कोपरापर्यंत हात घालून पाणी उडवत होती. चिखल थापत होती. कोणी काही म्हणत नव्हतं. म्हणजे पोरीला फरक कळत होता. खोलीत हात बंद, नळावर हात मोकळे.

मग पुस्तकं खोलीत द्यायचीच नाहीत, असं मी ठरवलं. पुस्तकांची पिशवी नळावर आणायची. बादली भरेपर्यंत ओट्यावर बसायचं.

"ओली होतील," पराग सर म्हणाले.

"होतीलच."

"डोनरला काय दाखवणार?"

"ओली पुस्तकं."

त्यांनी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाले नाहीत. तेही थकलेलेच असतात.

पहिले काही दिवस परी नुसती बघायची. मग एकदा ओल्या हाताने तिने पानावर थाप मारली. आईकडे बघितलं. सुनंदाचं लक्ष बादलीकडे. मी तिला कोपराने डिवचलं, "अगं, बोल."

"काय बोलू? आठे कावळा लिखेल शे. आम्ही हाड्या म्हणतस."

"हाड्याच म्हण."

"हाड्या," सुनंदा म्हणाली. परीने पुन्हा थाप मारली. "हाड्या!" बादली भरून वाहत होती, मागच्या बायका ओरडत होत्या आणि या दोघींचं चाललंच होतं. मला हसू आलं. फार दिवसांनी कामावर हसू आलं.

व्हिजिटच्या दिवशी पुस्तकं पुरणपोळीसारखी फुगलेली. डोनर मंडळींनी फोटो दुसऱ्या गल्लीत काढले. असो.

त्यानंतर काही आठवड्यांनी गेले तर सुनंदाच्या खोलीत साडी नव्हती. फरशी रिकामी. ती भाजी निवडत बसली होती.

"काम?" मी विचारलं.

तिने सांगितलं ते असं. साडीच्या काठावर मोर होता. परी गोधडीवरून उठली, ओल्या गमवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मोल?" सुनंदाने ओरडायचं, तर तिच्या तोंडून आधी निघालं, "हा माय, मोर." मग पोर थांबेचना. अख्ख्या काठावर जितके मोर, तितक्या वेळा "मोल". खडे सरकले, गम पसरला. माल परत आला. पुढच्या गठ्ठ्यावर पुन्हा बोटं. मालवाल्याने दार बदललं.

हे माझ्यामुळे झालं होतं.

"सुनंदा, मला खरंच..."

"ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली. भाजीतली एक काडी परीने उचलून आईच्या तोंडासमोर धरली होती. त्या काडीचं नाव सांगून झाल्यावर सुनंदा माझ्याकडे वळली. "काम काय, परत भेटी. पोर बोलनी ना."

काम भेटलं, पण कमी. धागे कापायचं, तेही दुसऱ्याच्या घरी जाऊन.

मुलाच्या हातात पुस्तक द्यायचं म्हणजे त्याला हात लावायची मोकळीक द्यायची, आणि ती मोकळीक पुस्तकापुरती राहत नाही. हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नाही. नव्या गल्लीत गेले की मी आता ते आधीच सांगते. ऐकून काही आया पुस्तक तिथल्या तिथे परत करतात. मी वाद घालत नाही, पिशवीत ठेवते.