उजवीकडचा पत्रा

"याचं पोट फाडाचं आहे न?" कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळहात ठेवून काका विचारायचे. इतक्या गंभीरपणे सर्जनसुद्धा विचारत नसेल. गिऱ्हाईक हो म्हणालं की चष्मा कपाळावरून नाकावर येई.

बाजूच्या काचेतून आतला रंगीत झगमगाट दाखवणारे कॉम्प्युटर तुम्हीही पाहिले असतील. पूर्वी पोरं साधा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या गल्लीत येत आणि काका त्याच्या पत्र्यात खिडकी कापून तिला काचेसारखं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवून देत. त्यांचा मूळ धंदा दुकानांच्या पाट्या करण्याचा. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून या नाटकाला माझी खुर्ची कायम पहिल्या रांगेत.

घाईशी त्यांचं वैर होतं. "जोरात कापलं का अ‍ॅक्रिलिक वितळते गा, अन् पातं पुढं गेलं का मागं चिपकून जाते. मंग कापलं काय अन् नाही कापलं काय!"

एकदा काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याच्या मुलाला संत्र्याच्या आकाराची खिडकी हवी होती. काकांनी गोल आखला आणि नाक मुरडलं. "हे तं मोसंबी दिसून राहिलं." मग वर पान काढलं. पानाच्या टोकाशी अ‍ॅक्रिलिक पुन्हा पुन्हा तडकत होतं, पण काकांनी पान सोडलं नाही. मुलगा मात्र कंटाळून म्हणाला, "काका, मोसंबीच द्या!"

पुढे कारखान्यातूनच काचेचे डबे येऊ लागले. "हे तं पोट फाटूनच जन्मले," काका म्हणाले. कामं आटली. त्यातच काकूंचं डायलिसिस सुरू झालं. सकाळी धंतोलीतला दवाखाना, दुपारी दुकान. काका ऑटोतून उतरत तेव्हा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखे दिसत. काकू मागच्या बाकावर आडव्या होत आणि हे तोंडावर पाणी मारून विजेची करवत उचलत.

त्यांचा पुण्यातला मुलगा रोज फोन करी, दोघंही इकडे या. काकांना जायचं नव्हतं. तिथं दिवसभर करायचं काय? त्यांनी त्याला सांगून टाकलं, "ज्या दिवशी कापाले चुकलो, त्या दिवशी येतो."

काकू बाकावरून म्हणाल्या, "मंग झालं! हे चुकत नाही, अन् आपण जात नाही."

आणि एका दुपारी ते चुकले.

मिहानमधल्या एका कंपनीतली मुलगी तिचं कॅबिनेट ठेवून गेली होती. काकांनी दोन्ही बाजूंचे पत्रे खोलले. दोन्ही सारखेच दिसतात. खिडकी हवी ती डावीकडच्या पत्र्याला, कारण दिवे, पंखे, सगळी शोभा त्या बाजूला. उजवीकडे नुसत्या वायरींचा गुंता. संध्याकाळी मुलीसमोर पत्रे चढवले, अ‍ॅक्रिलिकवरचा कागद सोलला, आणि खिडकीत वायरींचं ते जंजाळ लख्ख दिसलं.

मी ताबडतोब रंगमंचावर उडी घेतली. "ताई, ही एकदम नवीन फॅशन! बाहेरचे लोक आता वायरीच दाखवतात!"

मुलगी हसली. "राहू द्या काका, दुसरीकडून पण कापून द्या. आरपार दिसेल."

काका हसले नाहीत. त्यांनी दुसरा पत्राही कापून दिला, सुंदर. ती गेल्यावर मी वकिली सुरू केली. "काका, माप बरोबर, कोपरे बरोबर, रेघ सरळ. तुमचा हात चुकला कुठं? पुण्याची अट लागूच होत नाही!"

"हात नाही चुकला गा," ते म्हणाले. "मीच नव्हतो तिथं. इथं मशीन चालून राहिली होती, अन् मी दवाखान्यातच बसून होतो." करवतीवरचा भुसा त्यांनी फुंकला. "आता बोट जाईन एखादं."

पुण्याला फोन काकूंनीच लावला.

जायच्या दुपारी मी चहा घेऊन गेलो. हत्यारं पोत्यात बांधलेली. रिकाम्या टेबलावर, जिथं इतकी वर्षं पत्रे कापले, तिथं काका पाय पोटाशी घेऊन गाढ झोपले होते. शेजारी स्टुलावर काकू, डायलिसिसच्या सुयांनी निळ्या पडलेल्या हातानं पुठ्ठ्यानं वारा घालत.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "झोपू द्या भाऊ. गाडीले वेळ आहे."

ऊन काकांच्या तोंडावर येत होतं. मी शटर अर्धं खाली ओढलं, आवाज न करता.