वहिनींच्या वहीतला नकटा

मालनवहिनी गेल्याचा पुतण्याचा फोन आला, तेव्हा तुळजापूरच्या स्टँडवर माझा एक पाय सोलापूरच्या बसच्या पायरीवर होता. कंडक्टर म्हणाला, "काका, आत तरी या न्हायतर खाली तरी उतरा." मी खाली उतरलो आणि धाराशिवची गाडी धरली... त्याला आता महिना होऊन गेला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. सगळी नोकरी त्यांनी गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत नर्स म्हणून केली. लसी द्यायला फिरताना वाटेत तळी लागत, तळ्यांवर पाखरं दिसत, आणि त्यातून त्यांना पक्षी बघायचं वेड लागलं. निवृत्तीच्या दिवशी भावानं त्यांना दुर्बीण घेऊन दिली. तो गेल्यावर त्यांची ने-आण करायचं काम माझ्या स्कूटरकडे आलं. भाऊजींना चिमणी-कावळ्यापलीकडं काही ओळखू येत नाही, हे त्या चारचौघांत हसत सांगायच्या, आणि ते खरंही होतं.

पक्ष्यांची वही त्यांनी लसीकरणाच्या रजिस्टरसारखीच आखली होती. पोलिओच्या फेरीत पोराच्या करंगळीवरची शाई स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी कधी नावापुढं खूण केली नाही. म्हणायच्या, "आई म्हणंना का पाजलं म्हणून, आपण म्हणायचं बोट दाखवा." पाखरांनाही तोच कायदा होता.

त्या वहीत एका नावापुढची जागा वर्षानुवर्षं रिकामी होती. ते नाव नकटा. आपल्याकडं क्वचितच दिसणारं हे मोठं बदक. पोट पांढरं, पाठ काळीनिळी आणि नराच्या चोचीवर भलंमोठं टेंगूळ. "एवढं टेंगूळ असून नकटा? ह्याचं बारसं कुणी केलं?" असं मी चिडवायचो. पण गेल्या हिवाळ्यात चेष्टा सुचेना. साखरेनं त्यांचा उजवा डोळा नेला होता आणि डाव्याचीही खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यातच तेरच्या धरणावर तसलं बदक बघितल्याचं एका मासे धरणाऱ्यानं सांगितलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, औंदा दिसला तर दिसला."

आम्ही उजाडता उजाडता धरणावर पोचलो. वारा अंगाला झोंबत होता आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. वहिनी डाव्या डोळ्याला दुर्बीण लावून बसल्या. मधूनमधून डोळा पुसायच्या, पुन्हा लावायच्या. चार तास गेले. शेवटी दुर्बीण माझ्याकडं देऊन त्या पदरानं डोळा चोळत बसल्या. मला ते बघवेना. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळींकडं दुर्बीण धरून मी म्हणालो, "वहिनी, तो बघा... चोचीवर टेंगूळ आहे." तिथं काहीच नव्हतं.

त्यांनी दुर्बीण घेतली आणि बराच वेळ बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "लई देखणा हाय." मग त्यांनी भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलेलं फडकं सोडलं, माझ्या हातावर जास्तीची भाकरी ठेवली. मला फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं, आणि पुढं कित्येक दिवस मी सगळ्या नातेवाइकांना वहिनींना नकटा दिसल्याचं सांगत सुटलो. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.

दहाव्यानंतर पुतण्यानं दुर्बीण आणि वही माझ्या हाती दिली. "आईनं तुम्हाला द्यायला सांगितलंय, काका." घरी आल्यावर मी ते पान काढलं. नकट्यापुढची जागा रिकामीच होती. खाली त्यांच्या आता वाकड्या झालेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'भाऊजी म्हणाले, दिसला. मला दिसला नाही, म्हणून खूण केली नाही. भाऊजी माझ्यासाठी थंडीत चार तास बसले. त्यांचे गुडघे दुखतात.'

आधी लाज वाटली. मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. माझ्या खोटेपणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलेलं नाही आणि पुढंही कुणी लिहील असं वाटत नाही. अशी वहिनी मला लाभली, एवढ्यासाठी मी भावाचाही ऋणी आहे.

वही आता माझ्या टेबलावर असते. परवाच्या रविवारी मी एकटाच तेरला गेलो, दुर्बीण लावून उन्हं चढेपर्यंत बसलो आणि घरी येऊन वहिनींच्या ओळीखाली लिहिलं, 'हळदी-कुंकू बदकं सहा. चांदवे पुष्कळ. नकटा दिसला नाही.'