काम संपलं की

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे गजरभाऊ म्हणायचे. कुठल्या इमारतीची लिफ्ट कधी तपासायची, हे कॉम्प्युटरमध्ये लावून ठेवणं हे त्याचं काम. वेळ झाली की मेकॅनिकच्या मोबाइलवर आपोआप निरोप जायचा. "एकदा लावलं की पुन्हा बघायला नको," अशी त्याची फुशारकी. आणि पठ्ठ्या खरंच पुन्हा बघायचा नाही!

घरी मात्र आनंदीआनंद. आई दुसऱ्या शहरात एकटी. दर रविवारी फोनवर विचारायची, "कधी येतोस रे?"

"एवढं काम संपलं की येतोच गं."

"बरं," आई म्हणायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं बाहेर पडणं बंद झालं होतं, आणि हल्ली त्या 'बरं'मध्येही जीव राहिला नव्हता. त्याला ते कळायचं. वाईटही वाटायचं. तरी तो फोन ठेवून द्यायचा.

एके सकाळी तक्रार आली, एका जुन्या इमारतीची लिफ्ट बंद पडलीय. बघतो तर काय, तिची वर्षभर तपासणीच नाही! होणार कशी? मागचं काम पूर्ण झालं की महिन्याने पुढचा निरोप जावा, असं ह्यानेच लावलेलं. मागच्या खेपेला एक सुटा भाग मिळाला नाही, काम अर्धवट राहिलं, आणि कॉम्प्युटर बिचारा ते संपायची वाट बघत बसला. खजील होऊन तो मेकॅनिकबरोबर स्वतः गेला.

वरच्या मजल्यावर एक आजी काठी टेकत दारात उभ्या होत्या.

"आजी, आधी नाही का कळवायचं?"

"कळवलं की रे बाबा, लिफ्ट कुरकुरायला लागली तेव्हाच. तुमचा माणूस म्हणाला, हातातलं काम संपलं की येतो." आजी हसल्या. "मग बसले वाट बघत. मी कुठे जाणार होते?"

त्याला आईचं ते 'बरं' आठवलं.

ऑफिसात परतून त्याने एकेक टायमर बदलायला घेतला. मागचं काम झालेलं असो वा नसो, ठरल्या तारखेला निरोप गेलाच पाहिजे. शेवटचा बदलून झाला तेव्हा साहेब म्हणाले, "बाकीची कामं उद्या बघ."

"उद्या मी नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी आईने दार उघडलं आणि बघतच राहिली. "अगंबाई! संपलं का रे काम?"

"नाही," चपला काढत तो म्हणाला. "ते काही संपत नाही, आई. म्हणून आलो."

आई भिंतीला धरत आत गेली आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढायला लागली.