पाठमोऱ्या बाई

आमच्या बाई आमच्याकडे पाठ फिरवून शिकवायच्या. बेंबळीच्या शाळेचं मैदान, हातात लेझीम घेऊन उभ्या असलेल्या मुलींच्या रांगा, आणि आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, कुंपणापलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे बघत उभ्या असलेल्या बाई. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांना हे बघून राहवलं नाही. "बाई, मुली मागे आहेत," ते म्हणाले. बाई वळल्यासुद्धा नाहीत. "ठावं हाय सायेब. डोळ्याला फसवता येतंय. मान डुलवली, पाय उचलला, की बघणारा खूश. मला ऐकू द्या." साहेब बिचारे शाळेत जाऊन चहा प्यायले.

कागदोपत्री त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या, पण गाव त्यांना लेझीमबाईच म्हणायचं. लेझीम म्हणजे लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि साखळीत लोंबणाऱ्या चकत्या. दांडा आणि साखळी एकमेकांपासून लांब गेली की चकत्या वाजतात आणि जवळ आली की परत वाजतात. एवढंच ते वाद्य. पण पन्नास मुलींच्या पन्नास लेझमांतून कोणाची उशिरा मिटली हे बाईंना पाठमोऱ्या कळायचं. त्या नुसतं नाव घ्यायच्या. शाळेत ढोल होता, पण दिवाळी होईपर्यंत बाई तो खोलीतून बाहेर काढू द्यायच्या नाहीत. "ढोलाखाली समदं झाकून जातंय," म्हणायच्या.

त्यांचा हा कान वडिलांकडून आलेला. वडील पूर्वी हलगी वाजवायचे. घराण्यानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा त्यांनी हलगी कायमची ठेवून दिली. बाई तेव्हा अगदी लहान होत्या. त्यांना ही गोष्ट सांगायला फार आवडायचं. "बापानं हलगी ठेवली ती मान वर करून. म्या लेझीम उचलली ती बी मान वर करूनच." एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत शाळेच्या मुली पुढे असायच्या. आमच्यासारख्या वरच्या आळीतल्या मुलींनाही बाईंनी त्यात आणलं. माझ्या आजोबांनी कुरकुर केली तर बाई स्वतः घरी आल्या, ओसरीवर बसल्या, आणि पोरगी रांगेत नसेल तर रांग लंगडी दिसते एवढंच म्हणाल्या. आजोबा गप्प झाले. बाईंपुढे गप्प न होणारा माणूस मी पाहिलेला नाही.

एक शब्द मात्र बाईंच्या तोंडी कधी आला नाही. छान. आम्ही घामाघूम व्हायचो, तालुक्याला पहिल्या यायचो, पालक टाळ्या वाजवायचे, आणि बाई म्हणायच्या, "पुन्हा." मला तर त्या एवढंही म्हणत नसत. जांभळीवरून पडून माझं डावं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण जरा रेंगाळतच. मग मैदानावर रोज एकच पुकारा, "संगे, डावा!" माझं नाव संगीता आहे हे बाईंना माहीत होतं की नाही, देव जाणे. माझ्या लग्नात त्या स्टेजवर आल्या, हातात साडी ठेवली आणि नवऱ्यामुलाला म्हणाल्या, "हिचा डावा हात उशिरा येतो. सांभाळून घ्या." नवऱ्याला वाटलं काहीतरी आजार लपवलाय. त्याची समजूत काढता काढता मला घाम फुटला.

मी पुण्याला आले, विम्याच्या कचेरीत लागले. बाई निवृत्त झाल्या आणि बेंबळीतच भाच्याकडे राहिल्या. पुढे शाळेतली लेझीम बंद पडली. मग ते सगळं जग दार लावून बसल्याचे महिने आले. आम्हा जुन्या मुलींचा एक फोनवरचा गट होता. एक ईट गावाला, एक तामलवाडीला, कुणी सोलापूरला, कुणी नाशिकला. त्यावर सुविचारांचा नुसता पूर आलेला. त्याला कंटाळून एकीनं लिहिलं, आपण बाईंकडून परत लेझीम शिकू या का? आणि गंमत म्हणजे सगळ्या हो म्हणाल्या. चाळिशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाया.

माझ्या नात्यातल्या एका मुलानं मित्रांबरोबर नाच आणि व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी एक ॲप काढलं होतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की ते आपल्या अंगावर रेषांचा एक सांगाडा काढायचं. गुरूनं आधी करून दाखवलेल्या हालचालीशी आपले हातपाय जुळले की रेषा हिरव्या, चुकले की लाल. शिवाय एकाच वेळी वाजवणाऱ्या सगळ्यांचा गोंधळ नको म्हणून शिकणाऱ्यांना फक्त गुरूचा आवाज यायचा, आणि गुरूला सगळ्यांचा. बाईंना मी हे फोनवर समजावलं. त्या म्हणाल्या, "समद्यांचं मला ऐकू येणार नं? मग झालं."

पहिल्यांदा बाईंना स्वतः करून दाखवायचं होतं, आवाजाशिवाय, नुसत्या हालचाली. भाच्याची बायको मंदा, तिनं फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवला. बाई आल्या आणि सवयीनं पाठ करून उभ्या राहिल्या. ॲप म्हणालं, माणूस दिसत नाही. बाई भडकल्या. "एवढी ढळढळीत उभी हाय, आन् म्हणतंय दिसत न्हाय!" शेवटी मंदानं खांद्याला धरून त्यांना वळवलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आम्ही लेझीम खेळतानाचा बाईंचा चेहरा पाहिला. ओठ हलत होते. ठेका त्या मनात नाही, ओठांवर मोजायच्या. इतकी वर्षं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी आम्ही आपापल्या गच्च्यांवर आणि अंगणांत उभ्या. बाईंनी एक दोन तीन चार सांगितलं आणि फोनकडे पाठ केली. आम्ही जीव तोडून वाजवलं. संपलं. बाई पाठमोऱ्याच. आम्ही नाव येण्याची वाट बघत होतो. बराच वेळ गेला. मग त्या वळल्या, फोनजवळ आल्या, चष्मा सारखा केला, आमच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान."

 मग ईटची शोभा सरळ रडायला लागली. पुढच्या आठवड्यात बाई माझं नाव घेऊन म्हणाल्या, "संगीता, छान." संगे नाही. संगीता. डाव्याचं तर नावच नाही. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं. "म्हणजे डावा हात वेळेवर आला म्हणायचा एकदाचा," तो म्हणाला. मी चिडले नाही, इतकी खूश होते. रात्री कूस बदलतानासुद्धा मला ते छान आठवायचं.

हळूहळू बाईंनी पाठ फिरवणं सोडलं. खुर्ची घेऊन फोनसमोर बसायच्या आणि रंग बघायच्या. "शोभा, तुझं समदं हिरवं हाय. छान." आम्ही आपसात म्हणायचो, बाई वयानं मऊ झाल्या. काहीजणींना ते आवडायचं. मला आत कुठेतरी चुटपुट लागायची, पण मिळालेलं छान कोण नाकारतो?

दिवाळीनंतर एक दिवस त्यांचाच फोन आला. "वर्ग बंद करू, संगीता. ते यंत्र तुमाला माझ्यापरीस चांगलं सांगतंय. मी मधी कशाला?" मी खूप विनवलं, थोडी भांडलेही. त्यांनी कारण सांगितलं नाही. महिन्याभरात त्या अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, धाराशिवला ऑपरेशन झालं. चौकशीला फोन केला तेव्हा मंदा हळू आवाजात म्हणाली, "ताई, आत्यांनी जेवणच कमी केलंय. कान गेला म्हणत्यात. पोरींच्या लेझमा ऐकूच येत न्हवत्या म्हणं, एक दिवस बी. माझं बोलणं तर समदं ऐकत्यात. म्या म्हणलं, तुमची लेझीम वाजवून बघा की. तर म्हणल्या, माझ्या हातातली मला बहिरी झाले तरी ऐकू येईल."

मला ते खरंच वाटलं. वय झालं होतं, बारीक आवाज आधी जातात म्हणतात.  त्यांचा आवाज ऐकावा म्हणून त्या रविवारी ॲपमधलं एका जुन्या वर्गाचं चित्रण लावलं. बाईंच्या फोनवर जसं दिसायचं आणि ऐकू यायचं, तसंच ते साठवलेलं असायचं. बाई म्हणाल्या, "घ्या. एक, दोन." आणि मग काहीच नाही. चौकटी-चौकटींतून आम्ही बाया हात उघडतोय, मिटतोय, उड्या मारतोय, तोंडं लाल झालेली, आणि आवाज शून्य. मध्येच शोभा खोकली, ते नीट ऐकू आलं. लेझीम एकीचीही नाही. मी दुसरं चित्रण लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच.

मी त्या नात्यातल्या मुलाला फोन केला. तो सहज म्हणाला, "बरोबर आहे मावशी. मागचा गोंगाट ते आपोआप काढून टाकतं. पंखा, कुकर, भांडी. लेझीमही त्यात गेली असेल. एक बटण बंद करायचं असतं." त्याला बोलून काय उपयोग होता? मी फोन ठेवला आणि ओंजळीत तोंड धरून रडले. बाईंचा कान शाबूत होता. इतके महिने त्यांना आम्ही एकदाही ऐकू गेलो नव्हतो, आणि त्यांनी त्याचा दोष स्वतःकडे घेतला होता. माझं ते छानही मग कशाचं होतं, हे कळायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बेंबळी गाठली. बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून होत्या. ऑपरेशनमुळे त्यांना त्या एकाच कुशीवर झोपता यायचं, त्यामुळे खोलीत येणाऱ्याला त्यांची पाठच दिसायची. किती वाळल्या होत्या! मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीलाच म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून सांगतीस. गेला कान. कान गेला की मास्तरकी गेली. आता निस्ती भाकरी खायला उरले."

 खुंटीवरची त्यांची लेझीम काढली, पदर खोचला आणि पलंगामागे उभी राहिले. मंदा दारात येऊन थांबली. मी सुरू केलं. पायाशी, कमरेशी, खांद्याशी, वर. त्या छोट्या खोलीत चकत्यांचा आवाज भिंतीभिंतींवर आदळत होता. एक फेरी झाली. दुसरी निम्मी झाली असेल.

"संगे," पाठमोऱ्या बाई म्हणाल्या, "डावा."

माझा हात तिथेच थांबला. मला हुंदका आवरेना. बाईंची पाठ हलत होती, त्याही रडत होत्या. पण आवाज मैदानावरचा होता. "गधडे, थांबलीस कशाला? पुन्हा!" मी पुन्हा केलं. त्यांनी पुन्हा डावा म्हटलं. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यात त्याहून सुखाची दुपार नाही.

दमून मी बसले तेव्हा बाई विचारात पडल्या होत्या. "म्हंजी समद्या पोरींना म्या उगंच छान म्हणले?"

"हो बाई."

"तुला बी?"

"मला पण."

"लाव फोन," त्या म्हणाल्या. "एकेकीला लाव. म्हणावं, बाईंनी छान परत घेतलं. उन्हाळ्यात पुन्यांदा वर्ग. ते बटण आधी बंद करायचं, आन् मी पाठ करून बसणार. मिरवणुकीच्या आत समद्यांचे हात सरळ करते." मी तिथूनच फोन लावले. कुणी हसलं, कुणी रडलं. शोभा म्हणाली, "घेऊ दे परत. पर ऐकू येतंय नं बाईंना? मग बास." त्या दिवशी बाई अख्खी भाकरी जेवल्या, मंदानं मला मुद्दाम ताट दाखवलं.

उन्हाळा काही बाईंना दिसला नाही. मार्चमध्येच, पहाटे झोपेत त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यासाठी ठेवलेल्या बुद्धवंदनेच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी बेंबळीला जमलो. वंदना झाली, जेवणं झाली. मग कुणी न ठरवता आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. ढोल नव्हता. लिंबाच्या बाजूला, जिथे बाई उभ्या राहायच्या, तेवढी जागा सोडून आम्ही रांगा केल्या आणि खेळलो. शेवटपर्यंत खेळलो.

माझा डावा हात उशिरा आला. कुणीच काही म्हणालं नाही.