डावी बाजू भावोजींची

आमचे भावोजी हिरड्यांचे डॉक्टर. माणूस लाखात एक, पण हट्टी इतका की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही. दवाखाना उघडला की हत्यारांना दगडावर धार स्वतः लावायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, शेजारी उभी राहून एकेक हत्यार त्यांच्या हातात द्यायची. मी दाराशी टेबलावर बसून पेशंटना नंबर द्यायचे आणि सगळ्यांची टिंगल करायचे.

अलीकडे भावोजींचा हात थरथरायला लागला होता. हत्यार दिलं की ताई हळूच त्यांचं कोपर धरून उभी राहायची. तिला वाटायचं, कुणाला दिसत नाही. मला दिसायचं, त्यांच्या लेकीलाही दिसायचं.

लेक शिकून आली ती लेसरचं मशीन घेऊनच. म्हणे उजेडाने कापायचं, रक्त जागीच थांबतं, बऱ्याचदा टाकेसुद्धा लागत नाहीत. भावोजी म्हणाले, नवी विटी, नवं राज्य. चालू द्या.

नेमक्या ताईच्याच हिरड्या दोन्हीकडून बिघडल्या, कापून साफ करणं भाग होतं. भावोजींनी लेकीशी पैज मारली. डावी बाजू माझ्या पात्याची, उजवी तुझ्या लेसरची. ज्याची बाजू लवकर सावरेल, यापुढे ऑपरेशनं त्याने करायची. मी चांगलीच भडकले. बायकोचं तोंड आहे की कुस्तीचा आखाडा? पण माझं ऐकतंय कोण! ताई हसत खुर्चीत जाऊन बसली. आणि त्या दिवशी भावोजींचं कोपर धरायला कुणीच नव्हतं. धरणारीच आ वासून खुर्चीत पडली होती.

उजवीकडे सूज जेमतेम आली. डावा गाल भोपळ्यासारखा फुगला. भावोजींनी विचारलं की ताई सांगायची, डावी दुखतच नाही, उजवीच मेली जळते. धादांत खोटं! माझ्यासमोर घोटभर पाणी पितानाही कळवळायची.

टाके काढायचा दिवस आला. भावोजींनी गाल बाजूला करून पाहिलं. टाके वाकडेतिकडे पडले होते, एके ठिकाणी हिरडी फाटली होती.

लेक घाईने म्हणाली, "बाबा, पात्याचा दोष नाही. काही महिन्यांनी मोजलं तर दोन्हींचा गुण बहुतेक सारखाच येतो."

"पात्याचा म्हणतंय कोण?" भावोजी म्हणाले आणि कात्री तिच्या हातात दिली. टाके तिनेच काढले.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. ताई मुद्दाम डावीकडून चावत होती, त्यांना दिसेल असं. डोळ्यांतून धारा लागल्या तरी चावतेच आहे.

भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला. "उजवीकडून चाव गं," ते म्हणाले. "तिथे हात चांगला लागलाय."

ताई ताटावरून उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि आमच्यादेखत त्यांचं कोपर धरून रडली.