उघडं कनेक्शन तुटतं का?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ठाकूरद्वारच्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

परळला रक्त-लघवी तपासणारी एक लॅब आहे, तिथे मी कम्प्युटरचं काम बघते. पेशंटचे सगळे रिपोर्ट एका डेटाबेसमध्ये असतात. तो सांभाळणारे तेव्हा आम्ही दोघंच — सावंतदादा आणि मी. दादा लालबागचे, माझ्याहून बरेच मोठे. मला यातलं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. माझं चुकलं तर ओरडायचे नाहीत, "परत बघ गो एकदा" एवढंच म्हणायचे.

आणि मला एक खोड — असं केलं तर काय होईल, हे करूनच बघायचं. लहानपणी घड्याळं उघडायचे. ती घड्याळं माझी नसायची, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

तर — रिपोर्ट छापणारा प्रोग्राम डेटाबेसमध्ये शिरतो तो माणसासारखाच, स्वतःचं यूजरनेम आणि पासवर्ड देऊन. सकाळी एकदा शिरला की दिवसभर आतच. मला प्रश्न पडला, तो आत असताना पासवर्डच बदलला तर? बाहेर फेकला जाईल? की त्याला कळणारही नाही? पुस्तकात सापडलं असतं. दादांना विचारता आलं असतं. सरावासाठी वेगळं मशीनही होतं — पण त्यावर कुणी काम करत नव्हतं. मग बघणार काय?

दादा जेवायला गेले होते. मी कमांड टाईप केली — ऑल्टर यूजर, त्या प्रोग्रामच्या खात्याचं नाव, आयडेंटिफाइड बाय, नवा पासवर्ड, शेवटी सेमीकोलन. एंटर. झालं, एवढंच उत्तर आलं. मी काउंटरकडे कान लावले. प्रिंटर चालूच होता. रिपोर्ट निघत होते. काहीही झालं नव्हतं.

किती आनंद झाला म्हणून सांगू? म्हणजे पासवर्ड फक्त दारात विचारतात. आत शिरलेल्याला परत कुणी विचारत नाही. आता जुना पासवर्ड पुन्हा लावायचा की संपलं. तेवढ्यात मला वरच्या मजल्यावर बोलावलं. म्हटलं, आल्यावर करू. सगळं चालूच तर आहे.

खाली आले तेव्हा काउंटरवर गर्दी साचलेली. प्रिंटर अडकला म्हणून दादांनी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला होता — नेहमी करायचे तसाच. आता तो दारात उभा राहून जुना पासवर्ड देत होता आणि डेटाबेस त्याला आत घेत नव्हता. डिलाईल रोडच्या एक बाई मुलाच्या रिपोर्टसाठी थांबल्या होत्या. हॉस्पिटलात त्याचं ऑपरेशन त्या रिपोर्टवाचून अडलं होतं. त्या सारख्या फोनवर सांगत होत्या, "देतायत, आत्ता देतायत."

प्रोग्रामचा पासवर्ड जिच्यात लिहिलेला असतो, ती सेटिंगची फाईल दादा उघडून बसले होते. मला म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी पुसलं गेलं वाटतं गो."

इथे बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? माझ्या जागेवर गेले आणि तीच कमांड जुना पासवर्ड घालून पुन्हा चालवली. मग त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, पासवर्ड परत एकदा टाईप करून बघा. सावकाश."

त्यांनी टाईप केला. प्रोग्राम सुरू झाला.

बाईंना रिपोर्ट मिळाला, पण ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. त्या दादांना वाट्टेल ते बोलल्या. मालक आले, विचारलं काय झालं. दादाच म्हणाले, "माझी चूक. पासवर्ड चुकीचा पडला होता." मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

मुलगा बरा झाला, हे मी पुढे रिपोर्टमध्ये पाहिलं. दादांचं मात्र — कसं सांगू? काहीही करायच्या आधी ते मला बोलवायला लागले. "जरा बघ गो, मी काहीतरी करून ठेवीन." ज्या कमांड त्यांनी मला शिकवल्या, त्या टाईप करून एंटरवर बोट न ठेवता थांबायचे. शेवटी त्यांनी स्वतःहून काउंटरचं काम मागून घेतलं. डेटाबेस माझ्याकडे आला. पगारही वाढला.

परवा त्यांची मुलगी लॅबमध्ये आली होती. कम्प्युटर शिकतेय. दादांनी ओळख करून दिली — "ही वैशाली. मी सगळं बंद पाडलं होतं ना, तेव्हा हिनेच मला सांभाळून घेतलं." मुलगी माझ्याकडे इतक्या आदराने बघत होती.

मी हसले. म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं."