मामांचा पंप आणि थंड डोंगर

बल्लारपूरच्या उन्हात डोकं शाबूत ठेवून विचार करणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांचं रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान. गिऱ्हाईक आलं की मामा आधी विचारणार, "पहाड सूर्याच्या जवळ, तरी थंडा काऊन?" उत्तर येईपर्यंत ट्यूब पाण्यातच. कामाच्या पाळीवर निघालेली माणसं या परीक्षेला भिऊन गाडी ढकलत पुढच्या दुकानापर्यंत जात. इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरलाही मामांनी सोडलं नाही. मामी कपाळावर हात मारत, "धंदा करून राह्यले का शाळा?"

माझ्या धाकट्या मेव्हणीचं लग्न एटापल्लीकडच्या गावात जमत आलं, तेव्हा सासरे, मामा-मामी, आम्ही सगळे तिलाही घेऊन जीपने बोलणी करायला गेलो. मुलाचे वडील निवृत्त गुरुजी. चहा देता देता ते सहज म्हणाले, "आमच्या मागच्या डोंगरावर लई थंड. झाडं हायेत ना, म्हणून." मामांनी कप खाली ठेवला. मामींनी चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"मंग गुरुजी, बर्फाच्या पहाडावर कोणती झाडं हायेत?"

मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी. मामा मात्र जीपमधला पंप घेऊन आले आणि ओसरीतल्या सायकलला हवा मारू लागले. गुरुजींना पंपाच्या बुडाला हात लावायला सांगितलं. गरम! मग व्हॉल्व्ह दाबून सुटलेली हवा त्यांच्या तळहातावर सोडली. गार!

"हवा दाबली का तापते, मोकळी झाली का थंडावते. सूर्य तापवते जमिनीले, जमीन हवेले. ते हवा वर गेली का तिच्यावरचा भार कमी होते, मंग ते फुगते अन् थंडी पडते."

गुरुजी बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. आता उठून जातात, असं वाटलं. उठले ते आत हाक मारायलाच. "सगळे या! पस्तीस वर्षं मी पोराइले चुकीचं शिकवलं. या, हात लावून पाहा!" चुलीजवळच्या बायका आल्या, शेजारी आले, मामांनी चाक पाच वेळा भरलं. त्याच बैठकीत तारीख ठरली, आणि सासऱ्यांच्या आधी शाल मामांच्या खांद्यावर पडली.

परतताना मामांनी शालीची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "जवाईबुवा, तुमी मोठ्या पहाडावर जाऊन आले ना? मी काई गेलो नाई कधी. तिथी खरंच स्वेटर लागते?"

"लागतं, मामा."

"मले वाटलंच," ते म्हणाले, आणि खिडकीतून येणाऱ्या झळांकडे तोंड करून बसले.